बरणी क्रमांक एकोणचाळीस

लाख लावणं ही कला आहे, एवढं आधी मान्य करा, म्हणजे पुढचं सांगायला मला जड जाणार नाही. आमच्या कार्यालयात जुन्या कागदांचे गठ्ठे बांधायचे, सुतळीला गाठ मारायची, गाठीवर तापलेली लाख ओतायची आणि ती थिजायच्या आत तिच्यावर पितळी शिक्का दाबायचा, हे काम गेली बावीस वर्षं माझ्याकडे आहे. दाबण्याआधी शिक्क्यावर तोंडाने 'हा' करून वाफ सोडावी लागते, नाहीतर लाख शिक्क्याला चिकटून वर येते. हा 'हा' केवढा असावा, हे कुठल्याही परिपत्रकात दिलेलं नाही. माझा गठ्ठा आजवर आपणहून उकललेला नाही. मी डावखुरा आहे, त्यामुळे माझा शिक्का जरा उजवीकडे कललेला उमटतो. एवढंच काय ते वैगुण्य, आणि तेही बघणाऱ्याच्या लक्षात आलं तर.

आता अशा माणसाने टोमॅटो साठवायला घेतले, तर तो ते कसे साठवेल, हे तुमच्या लक्षात आलं असेल. माझ्या आलं नाही.

झालं असं, की दाढ दुखत होती म्हणून दातांच्या डॉक्टरकडे बसलो होतो. तिथे एक जुनं मासिक हाताला लागलं. त्यात लेख होता, की हंगामात भाज्या आणि फळं स्वस्त असताना बरण्यांत भरून ठेवा आणि हिवाळाभर बाजाराचं तोंड बघू नका. सोबत एका बाईंचा फोटो, त्यांच्या मागे फडताळात रांगेने बरण्या, आणि बाईंच्या चेहऱ्यावर असं समाधान की जणू त्यांना हात असलेली खुर्ची मिळाली आहे. मी लेख दोनदा वाचला. शेवटचं पान मात्र कुणीतरी फाडून नेलं होतं. 'आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे झाकण' इथे लेख तुटला होता. शहाणा माणूस तिथेच थांबला असता. मी दाढ न दाखवताच घरी आलो.

हात असलेल्या खुर्चीचं म्हणाल, तर तोही विषय इथेच सांगून टाकतो, कारण पुढे सगळं त्याच्याभोवतीच फिरतं. आमच्या कार्यालयात कारकुनाच्या खुर्चीला पाठ असते, हात नसतात. हात फक्त हेडक्लार्कच्या खुर्चीला. ती जागा रिकामी झाली होती आणि आमचे साहेब हिवाळा संपता संपता निवृत्त होणार होते. जायच्या आधी ते कुणाच्या तरी नावाची शिफारस करणार, आणि ते नाव माझं असणार, असं माझ्या बायकोने सगळ्या इमारतीला सांगून ठेवलं होतं. तळमजल्यावरच्या शिवणवाल्या मावशींकडून तिने त्या खुर्चीच्या मापाची एक उशीसुद्धा शिवून घेतली होती. माप मीच चोरून आणलं होतं, जेवणाच्या सुट्टीत, सुतळीने. ती निळी उशी कपाटात घडी केलेल्या चादरींवर बसून होती आणि कपाट उघडलं की माझ्याकडे बघायची.

तर टोमॅटो. बायकोने माझी योजना ऐकून घेतली. तिची ऐकण्याची एक रीत आहे, हातातलं काम न थांबवता सगळं ऐकते आणि शेवटी एकच प्रश्न विचारते.

"झाकणाचं काय?" तिने विचारलं.

मी म्हटलं, ते ओघात येईल.

ओघात आधी टोमॅटो आले, पाच पेट्या. मग पेअर आले, मग मटार. रिकाम्या बरण्या आम्ही इमारतीभर हिंडून गोळा केल्या, आणि बरणीबरोबर प्रत्येकाने एकेक सल्लाही दिला. सल्ल्यावर झाकण नव्हतं आणि बरणीवरही नव्हतं. वरच्या मजल्यावरचे काका निवृत्त लेखापरीक्षक आहेत. त्यांनी जन्मात कधी पाण्याला आधण आणलेलं नाही, पण बरण्या किती मिनिटं उकळाव्यात यावर त्यांनी मला उभ्याउभ्या पाऊण तास ऐकवलं. मावशी म्हणाल्या, मीठ जास्त घाला. समोरचे म्हणाले, मीठ अजिबात नको. तीन रविवार आमच्या घरात वाफ होती. भिंतींना घाम फुटला, कॅलेंडर गळून पडलं, आणि मुलगी म्हणाली, "बाबा, मला अभ्यासाला आंघोळीच्या खोलीत बसू दे, तिथे कोरडं आहे."

नव्या झाकणांचा भाव विचारला तेव्हा माझे डोळे पांढरे झाले. झाकणं विकत घेतली असती, तर टोमॅटो बाजारातून हिवाळ्यातच आणलेले परवडले असते. मग आम्ही मिळेल ते झाकण मिळेल त्या बरणीवर बसवलं आणि फटीतून हवा जाऊ नये म्हणून काय लावावं यावर विचार सुरू झाला. मावशी म्हणाल्या, मेण. आणि मेण म्हटल्याबरोबर माझ्या डोक्यात लाख आली. बावीस वर्षं ज्या वस्तूने माझं पोट भरलं, ती माझे टोमॅटोही सांभाळेल, असं मला मनापासून वाटलं. लाख मी दुकानातून स्वतःच्या पैशाने आणली, हे मुद्दाम सांगतो, कारण नंतर लोकांनी नाही नाही ते बोलायला कमी केलं नाही.

पण लाखेवर दाब लागतो. नुसती ओतली तर तिचे टवके उडतात. मी चमच्याने दाबून पाहिलं, लाख चमच्याला आली. नाण्याने दाबलं, नाणं लाखेतच राहिलं. बायकोचं शिवताना बोटात घालायचं टोपण घेतलं, ते माझ्या बोटासकट अडकलं. शेवटी एका शनिवारी मी कार्यालयातला पितळी शिक्का जेवणाच्या डब्यात ठेवून घरी आणला. सोमवारी सकाळी जागेवर ठेवायचा होता. दीड दिवसाचा प्रश्न होता. त्या रविवारी मी चाळीस झाकणांवर चाळीस वेळा 'हा' केलं, आणि खरं सांगतो, आयुष्यात इतकी सुरेख लाख मी कधी लावली नव्हती. मग मासिकात सांगितल्याप्रमाणे, उजेड लागू नये म्हणून, लाखेचा भाग तेवढा मोकळा ठेवून बरण्या खाकी कागदात गुंडाळल्या आणि वर क्रमांक घातले.

मुलगी म्हणाली, "नुसते आकडे काय? 'टोमॅटो' असं लिही ना."

मी तिला समजावलं, की आमच्या खात्यात आत काय आहे ते बाहेर लिहायची पद्धत नाही. खाली सही करायचा मोह मात्र मी कसाबसा आवरला. माझं नशीब.

चाळीस नंबरची बरणी तिसऱ्या दिवशी फुटली. ती मटारची होती. सदतीस ते चाळीस या चारही मटारच्या होत्या, शेवटी केलेल्या, घाईत. आधी तिच्यातून पोटात कळ आल्यासारखा आवाज आला. आम्ही तिघं तिच्याभोवती उभं राहून ऐकत होतो. मग ती गेली. लाख जशीच्या तशी झाकणाला धरून राहिली, काच मात्र फुटली, आणि मटार छतापर्यंत पोचले. बायकोने केसांतून मटार काढत बाकीच्या एकोणचाळीस बरण्या ताबडतोब घराबाहेर काढायला सांगितलं. काकांकडे जिन्याखालच्या खोलीची किल्ली होती. थंड, अंधारी खोली, मासिकात सांगितली होती अगदी तशी. आम्ही बरण्या तिथे भिंतीशी रचल्या. त्या भिंतीवर इमारतीचे विजेचे मीटर आहेत, हे मी पाहिलं होतं. त्याचा विचार केला नव्हता.

मीटर वाचणारा तीन महिन्यांनी एकदा येतो. काटक, अबोल माणूस, कानावर पेन्सिल. काकांनी त्याला खोली उघडून दिली. त्याने बॅटरी मारली, तर मीटरसमोर खाकी कागदातल्या एकोणचाळीस वस्तू आणि प्रत्येकीवर सरकारी लाखबंद शिक्का. आता दुसरा कुणी असता तर चार वस्तू बाजूला सरकवून मीटर वाचून निघून गेला असता. हा पडला कर्तव्यदक्ष. शिक्कामोर्तब केलेल्या मालाला हात लावायचा मला अधिकार नाही, म्हणाला. त्याने वहीत लिहून घेतलं, दाराला कुलूप घातलं, आणि दार आणि चौकट यांच्यावर आपल्या खात्याची कागदी पट्टी चिकटवली : 'पुढील आदेशापर्यंत उघडू नये.'

मी घरी आलो तेव्हा काका पट्टीसमोर उभे होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर निवृत्तीनंतर प्रथमच तेज आलं होतं. त्यांनी मला परिस्थिती समजावून सांगितली. ही पट्टी फाडणं हा एक गुन्हा. आतले शिक्के तोडणं हा दुसरा. शिक्का घरी आणणं हा तिसरा, पण तो अजून कुणाला ठाऊक नाही. म्हणून त्यांचा सल्ला असा, की कबूल करू नका, नाकारू नका, मुदत मागा. याच तीन गोष्टींवर लोकांनी त्यांना छत्तीस वर्षं झुलवलं होतं, असंही ते म्हणाले.

पुढच्याच आठवड्यात आमच्या कार्यालयात वीज खात्याचं पत्र आलं. 'आपल्या कार्यालयाचा शिक्का असलेल्या एकोणचाळीस वस्तू मीटरसमोर आढळल्या असून त्यामुळे वाचन होऊ शकलेले नाही.' साहेबांनी समासात लाल शाईने शेरा मारला : 'अभिलेख कक्षाने मूळ कागदपत्रांचा शोध घेऊन अहवाल द्यावा.' अभिलेख कक्ष म्हणजे एक खोली, अकरा कपाटं आणि मी.

म्हणजे माझ्या टोमॅटोंचा शोध मलाच घ्यायचा होता. आणि सांगायला लाज वाटते, पण मी तो घेतला. सवयच तशी. दोन दिवस मी कपाटं उघडून गठ्ठे चाळत होतो, जणू कुठेतरी 'टोमॅटो, पाच पेट्या' असा कागद निघणार होता. मग लिहिलं, 'शोध चालू आहे.' पंधरा दिवसांनी लिहिलं, 'शोध जारी आहे.' साहेब प्रत्येक वेळी कागदाकडे बघायचे, मग माझ्याकडे बघायचे. साहेबांना शिफारस करायची होती, आणि ज्याला एकोणचाळीस वस्तू सापडत नाहीत, त्याला हात असलेली खुर्ची कशी द्यायची, हा प्रश्न त्यांच्या कपाळावर मला स्पष्ट वाचता येत होता. इकडे आड तिकडे विहीर झालं माझं. वस्तू सापडल्या नाहीत तर मी नालायक, सापडल्या तर चोर.

तोवर थंडी पडली. टोमॅटोचा भाव असा चढला की भाजीवाला ते हातरुमालावर ठेवून दाखवू लागला. एका संध्याकाळी कार्यालयातून आलो, तर बायको जिन्याखालच्या त्या दारासमोर उभी होती, हातात रिकामं पातेलं. सवयीने खाली आली होती, म्हणाली. दाराच्या पलीकडे चोवीस बरण्या टोमॅटो आणि अलीकडे ती. मला इतकं वाईट वाटलं की मी तिथे पायरीवरच बसलो.

"साहेबांना खरं सांगून टाका," ती म्हणाली.

"खुर्ची जाईल."

"जाऊ दे. उशी कुठे जात नाही. स्वयंपाकघरातल्या स्टुलावर घालू."

ती उशी त्या स्टुलावर मावणार नव्हती, चारी बाजूंनी लोंबली असती. हे तिलाही ठाऊक होतं. मी रात्रभर मनात वाक्य जुळवलं आणि सकाळी सरळ साहेबांच्या खोलीत गेलो. तोंड उघडणार, तेवढ्यात साहेबच म्हणाले, बरं झालं आलात, आपण आज जागेवर जाऊन पंचनामा करतोय. निवृत्त होण्याआधी त्यांना एक तरी प्रकरण निकाली काढायचं होतं. माझं वाक्य तोंडातच राहिलं.

दुपारी जिन्याखाली साहेब, मीटर वाचणारा आणि मी. पंच दोन हवे होते. काका इस्त्रीचा कोट घालून आधीच उभे होते, आणि दुसऱ्या पंच म्हणजे मावशी, गळ्यात मापाची फीत तशीच. बायको जिन्यावर. पट्टी निघाली, कुलूप निघालं. साहेबांनी एक नंबरची बरणी उचलून उजेडात आणली. लाखेवरचा शिक्का पाहिला. मग हळूहळू मान उजवीकडे कलती केली. मग सरळ केली. मग माझ्याकडे पाहिलं.

"आपल्याकडे डावखुरे तुम्ही एकटेच ना हो?"

त्यांच्या पुढ्यात मी एका दमात सगळं ओकलो. दाढ, मासिक, फाटलेलं पान, डब्यातला शिक्का, रविवार, सगळं. उशीचंही सांगितलं, ते सांगायची खरं तर गरज नव्हती. काका छताकडे बघत होते, कारण मी त्यांच्या सल्ल्यातलं एकही कलम पाळलं नव्हतं. साहेबांनी अंगठ्याने लाख घासून पाहिली, नखाने टोकरून पाहिली. लाख हलली नाही. मला वाटतं, त्या वेळी साहेब मनात दिवस मोजत होते. चौकशी लागली असती तर ती पुढचे दोन हिवाळे चालली असती, आणि साहेबांचे निवृत्तीचे कागद तिच्याखाली दबून राहिले असते.

"लिहा," साहेब मला म्हणाले. "वस्तूंचा मूळ मालक, अज्ञात."

मी लिहिलं. माझ्याच हाताने मी माझ्या टोमॅटोंना पोरकं केलं.

मग बरण्या उघडायला सुरुवात झाली. पहिल्या बरणीत टोमॅटो निघाले, लालभडक, जसे भरले तसे. आत जे आहे ते खरोखर काय आहे याची खात्री झाल्याशिवाय पंचांची सही घेता येत नाही, असं काकांनी सांगितलं. मावशींनी चमचे आणले. साहेबांनी चव घेतली, डोळे मिटले आणि 'स्थिती : उत्तम' असं सांगितलं. दुसऱ्या बरणीचीही खात्री करावी लागली. पेअर लागले तेव्हा मीटर वाचणाऱ्याने कानावरची पेन्सिल काढून ठेवली आणि दोनदा पडताळणी केली. उघडलेला माल टिकत नाही, त्यामुळे पंचनाम्यात लिहिलं, की उघडलेल्या वस्तूंची विल्हेवाट उपस्थितांनी लावावी. उपस्थितांनी लावली. काकांनी घरून दोन बादल्या आणल्या. साहेबांची गाडी मागच्या सीटपर्यंत भरली. बायकोला काहीच मिळालं नाही, कारण मालक अज्ञात होता आणि ती कागदोपत्री त्याची कुणीच नव्हती. शेवटी मावशींना राहवलं नाही. त्यांनी आपल्या वाट्यातलं पातेलंभर टोमॅटो तिला दिले, आणि बायकोने माझ्यादेखत त्यांचे आभार मानले.

सदतीस नंबर उघडला आणि सगळे दोन पावलं मागे सरले. मटार. अडतीस उघडला तेव्हा साहेबांनी नाकाला रुमाल लावला आणि आवाज चढवला. आता पुरे, म्हणाले. शेवटची एक बरणी न उघडता नमुना म्हणून ठेवायची, मूळ कागदपत्रं सापडेपर्यंत अभिलेख कक्षात, 'अ' वर्गात. 'क' वर्ग पाच वर्षांनी नष्ट करतात, 'ब' तीस वर्षांनी. 'अ' वर्ग म्हणजे कायम जतन. मी तोंड उघडलं. एकोणचाळीस नंबरात काय आहे ते मला चांगलं माहीत होतं. पण ते मला माहीत असणं शक्य नाही, असं पाचच मिनिटांपूर्वी मीच लिहून दिलं होतं.

महिन्याभराने साहेब निवृत्त झाले आणि जाता जाता त्यांनी माझ्या नावाची शिफारस केली. कारण विचारलं तर म्हणाले, तुमची लाख मी गाडीच्या किल्लीने उकरली तरी निघत नव्हती. खुर्ची आली. निळी उशी तिच्यावर सुतळीच्या मापाने बरोब्बर बसली. बायको स्वतः येऊन घालून गेली, आणि दारापाशी थांबून तिने मला त्या खुर्चीत बसलेलं एकदा नीट पाहून घेतलं.

खुर्चीसमोरच 'अ' वर्गाचं कपाट आहे. त्यात डोळ्यांच्या उंचीवर बरणी क्रमांक एकोणचाळीस. गेल्या आठवड्यापासून दुपारी सगळं शांत झालं की ती गुरगुरते. खाकी कागद वरून तंबूसारखा ताणला आहे. ती उघडण्याची परवानगी मिळावी म्हणून मी नव्या साहेबांना लेखी विनंती केली. ती लाल शाईचा शेरा घेऊन परत आली : 'हेडक्लार्क यांनी मूळ कागदपत्रांचा शोध घेऊन अहवाल द्यावा.' मी लिहिलं आहे, शोध चालू आहे.

आपोआप झाकण उडेल, ही आशा मी सोडली आहे. ती माझी लाख आहे, ती सुटायची नाही. गेली तर काचच जाईल. घरी बायको रोज विचारते, खुर्ची कशी आहे. मी सांगतो, फार उपयोगाची आहे, विशेषतः हात. दुपारी मी ते दोन्ही घट्ट धरून बसतो.